कपतानांच्या घराची शिरगणती

माणसाने रिकामं असावं, पण इतकं रिकामं असू नये, असं पेरीनाबाईंचं आपल्या जावयाबद्दल मत होतं. ते त्या जावयासमोरच सांगत, पण लेकीकडे तोंड करून.

"दिन्का, तुझ्या नवऱ्याला सांग. वेलींवर गंधक मारायचं राहिलंय, हौदाचं झाकण फुटलंय, आणि हे गृहस्थ तीन आठवडे फादरच्या खोलीत बसून मेलेल्यांची डोकी मोजतायत. जिवंत माणसांकडे कुणी बघायचं?"

"आई, तो इथेच बसलाय. त्यालाच सांग की."

"मी पाहुण्यांना कामं सांगत नाही."

हा पाहुणा अकरा वर्षं त्यांच्याच घरात राहत होता. त्याचं नाव श्तेफ. दूर आतल्या सपाट मुलखातला, कोबी आणि डुकराच्या चरबीवर वाढलेला माणूस. उभा जन्म त्याने रेल्वेच्या खिडकीत बसून तिकिटं दिली होती. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, या बेटावर, राहायला आला. बेटावर रेल्वे नव्हती. होडी होती, पण होडीत पाय ठेवला की श्तेफचा चेहरा कच्च्या बदामासारखा हिरवा पडे. द्राक्षं छाटायला दिली तर चांगली फांदी कापून वाईट ठेवी. शेवटी फादर येरोनिमनी त्याला आपल्याकडच्या जुन्या वह्या दाखवल्या, आणि बेटावर आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला.

पूर्वी ईस्टर झालं की पाद्री गावात दारोदार फिरून माणसं मोजत. घरात किती जीव, कुणाचं वय काय, कोण कुठून आलेलं, कोण पापकबुलीला आला, कोण आला नाही आणि का आला नाही. सगळं लिहून ठेवत. त्या वह्यांना गावात 'जिवांची वही' म्हणत. सर्वांत जुनी वही १८३३ सालची होती. श्तेफ तिच्यावरून सासूच्या घराण्याची वंशावळ काढत होता. सासूबाई ऐंशीच्या होतील तेव्हा चौकटीत घालून देणार होता.

"वंशावळ?" पेरीनाबाई म्हणाल्या होत्या. "ती मला पाठ आहे. काढायची काय त्यात?"

खरंच पाठ होती. त्या स्वतः डोंगरापलीकडच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी या घरात सून म्हणून आल्या होत्या, आणि साठ वर्षांत या घराचा अभिमान घरात जन्मलेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त झाला होता. या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव असे. आणि टोपणनाव देताना गाव कधी सरळ बोलत नसे. चौकापलीकडच्या लुत्सेच्या घराला 'सुकडे' म्हणत. त्या घरातली माणसं दारातून तिरकी होऊन बाहेर पडत. ज्या घराला 'मुके' म्हणत, त्या घरातल्या न्हाव्याकडे दाढीला बसलं की कान किटत. पेरीनाबाईंचं घर 'कपतानांचं'. मूळपुरुष यूरे कपतान, त्याचं तीन शिडांचं जहाज, त्याने वादळातून वाचवून आणलेला काळा लाकडी क्रूस. ही हकिगत त्यांनी स्वतः इतक्या वेळा सांगितली होती की वादळातली एकेक लाट त्यांच्या ओळखीची झाली होती.

तो क्रूस हेच सगळ्याचं मूळ. गावच्या संताच्या सणाला, पांढरा अंगरखा घालून, अनवाणी, तो क्रूस खांद्यावर घेऊन धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा मान कपतानांच्या घरच्या पुरुषाचा. आधी पेरीनाबाईंचा सासरा, मग नवरा, मग मुलगा फ्राने. फ्राने न्यूझीलंडला स्थायिक झाला होता, पण सणाला न चुकता यायचा. यंदा सण दहा दिवसांवर आला आणि त्याचा फोन आला. गुडघा गेला होता. डॉक्टरने जिना चढायलाही बंदी केली होती.

"मेंढरांच्या मुलखातल्या डॉक्टरला क्रूस काय कळतो?" असं म्हणून पेरीनाबाईंनी फोन ठेवला. मग बराच वेळ त्या फोनशेजारीच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात लुत्से उभीच होती.

"काय गं पेरीना, फ्राने येत नाही म्हणे?"

"गुडघा दुखावलाय."

"अरेरे! म्हणजे क्रूस आता चौक ओलांडून आमच्याकडे येणार म्हण की. विस्कोचा अंगरखा मी कालच धुवायला काढला."

विस्को हा लुत्सेचा मुलगा. दोन पोती सिमेंट दोन काखांत घेऊन शीळ घालत चढ चढायचा.

"माझं घर अजून उभं आहे," पेरीनाबाई म्हणाल्या.

"घर आहे गं. घरात पुरुष कुठाय?"

"श्तेफ आहे की."

हे नाव आपल्या तोंडून कसं निघालं याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. लुत्से हसली. तिच्यामागे रांगेतल्या दोघीही हसल्या.

"तो? तो तर घरजावई! त्याच्या चपला तुझ्या दारात असतात एवढंच. अगं, तूच तर त्याला पाहुणा म्हणतेस. आणि कपतान कपतान करतेस, तो तरी कुणी पाहिलाय?"

आता कुणीही शहाणी बाई पाव घेऊन घरी गेली असती. पेरीनाबाईंनी पाव काउंटरवर आपटला.

"पाहिलाय! लिहून ठेवलाय! रविवारी मिरवणुकीआधी, चर्चच्या अंगणात, सगळ्या गावासमोर जिवांची वही उघडायची. क्रूस कुणाच्या घराचा ते माझा जावई वाचून दाखवेल. येताना चष्मा आण!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी निक्षाकाकांकडे पोचली. हे क्रूस मंडळाचे प्रमुख. त्यांनी मान हलवली. वहीत असेल ते मंडळ मानेल, बाकी काही मानणार नाही, असं जाहीर केलं. आता मागे फिरायला वाट नव्हती.

"पण आई," रात्रीचं सार वाढताना दिन्काने विचारलं, "क्रूस आपला ठरला, तरी उचलणार कोण? श्तेफच ना?"

"ते मग बघू. डोंगरापलीकडे माझा भाचा आहे. चांगला उंच आहे."

श्तेफने चमचा थांबवला नाही. फक्त सार संपल्यावरही तो काही वेळ रिकामी थाळी ढवळत राहिला.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहीवर बसला, आणि तिथेच घोटाळा झाला. त्या गावची एक रीत होती, थोरल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायचं. तो मूल असतानाच गेला, तर पुढच्याला तेच नाव. त्यामुळे दोनशे बारा जिवांच्या गावात १८३३ साली एकोणीस यूरे होते. सपाट मुलखातल्या माणसाला याची कल्पना असायचं कारण नव्हतं. वय बघून, अंदाजाने त्याने एक यूरे पकडला, आणि तो यूरे नेमका सुकड्यांच्या घरी सापडला. समोर लिहिलं होतं, "शेळ्या राखणारा गडी."

दुपारी चौकात निक्षाकाकांनी विचारलं, "काय, सापडला का कपतान?"

रेल्वेतल्या माणसाला काही विचारलं की तो खरी वेळ सांगतो. गाडी उशिरा असली तरी सांगतो.

"सापडला," श्तेफ म्हणाला. "पण शेळ्या राखत होता. लुत्सेबाईंच्या घरी."

चार वाजता पेरीनाबाईंचं दार वाजलं. लुत्सेची नात ताटली घेऊन उभी होती. ताटलीत मनुका घातलेले, साखर भुरभुरलेले, ताजे तळलेले गोळे.

"आजीने पाठवलेत. म्हणाली, आमच्या जुन्या गड्याच्या घरी द्यायचे."

पेरीनाबाईंनी ताटली घेतली. मुलीचा गालगुच्चा घेतला. दार लावलं. मग गोळे मांजरापुढे ठेवले. मांजराने तोंड लावलं नाही, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

"जावईबापूंना बोलाव," त्या दिन्काला म्हणाल्या. "आणि माझे चर्चला जायचे बूट आण."

फादर येरोनिमच्या खोलीत शाईचा आणि कापराचा वास होता. फादर मोठ्या अंगाचे, मनाने मऊ. भांडण दिसलं की त्यांना एकदम खोकला यायचा. पेरीनाबाईंना बघताच तो आला.

"आई, माझी चूक झाली," श्तेफ म्हणाला. "मी निक्षाकाकांना सांगायला नको होतं."

"सांगण्याबद्दल नंतर बोलू. वही उघडा. मला चौथीपलीकडे वाचता येत नाही, आणि हे तर परकं लिहिणं. पण मला माणसं येतात."

मग त्यांनी डोळे मिटले आणि मृतांच्या दिवशी दरवर्षी पणती लावून म्हणत ती यादी म्हणायला लागल्या. सासूने त्यांना शिकवली होती, सासूला तिच्या सासूने. "मारा आणि यूरे, त्यांची तीन दिवसांची जुळी. फ्राने आणि विन्का, विहिरीत गेलेली त्यांची लुत्सिया. यूरे आणि तोनका. फ्राने आणि दिन्का..." शेवटी स्वतःच्या नवऱ्याचं नाव आलं तेव्हा आवाज जरा खाली गेला.

"मारा," श्तेफ म्हणाला. "बायकोचं नाव मारा. जुळी मुलं." त्याचं बोट आता झपाझप पानावरून फिरू लागलं. "एकोणिसांतल्या दोघांच्या बायका मारा आहेत. जुळी गेलेली एकाच घरात. घर नंबर अकरा. आई, सापडलं! तो शेळ्यांवाला दुसरा कुणीतरी. आपला नव्हेच."

"मी काय सांगत होते?"

"आणि गंमत म्हणजे," तो पुढची वही चाळत म्हणाला, "त्या शेळ्यांवाल्याने पुढे मालकाच्या मुलीशीच लग्न केलं. म्हणजे आजचे सगळे सुकडे त्याचीच पोरं."

फादरना जोरात खोकला आला. पेरीनाबाईंच्या तोंडावर साखर विरघळल्यासारखं काहीतरी पसरलं. पण त्यांनी हात वर केला.

"हे कुणाला सांगायचं नाही. सगळं एकाच दिवशी संपवलं तर वर्षभर बोलायचं काय? आधी कपतान वाचा."

श्तेफ अकरा नंबरच्या घराकडे परत आला. वाचता वाचता त्याचे ओठ हलायचे थांबले.

"काय झालं?"

"पान ओलं झालंय, आई. अक्षर नीट लागत नाही."

"जावईबापू, अकरा वर्षं तुम्ही माझ्या हातची खारवलेली मासळी आवडते असं सांगताय. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात. वाचा."

श्तेफने फादरकडे पाहिलं. फादर खिडकीबाहेर बघत होते.

"घर नंबर अकरा," तो हळू आवाजात वाचू लागला. "घराची मालकीण मारा, वय सत्तावीस. तिचा नवरा यूरे, वय तीस, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या डोंगरातून आलेला. चुना भाजतो. बायकोच्या घरी राहतो, आडनावही बायकोचंच घेतलं आहे. होडीत बसत नाही, म्हणून लोक गमतीने कपतान म्हणतात."



"जहाज?" पेरीनाबाईंनी विचारलं.

"जहाज नाही, आई."

"क्रूस तरी?"

"क्रूस आहे. 'या घराचा क्रूस माराचा बाप वाहत असे. तो वारल्यापासून जावई वाहतो.'"

"संपलं?"

"एक ओळ आहे. ती घराण्याबद्दल नाही."

"वाचा म्हटलं ना."

"माराची आई, विधवा, वय एकसष्ट. पापकबुलीला आली नाही. कारण, तीन वर्षं जावयाशी बोलत नाही, आणि समेट करायला नकार दिला." श्तेफने घसा साफ केला. "नाव पेरीना."

गावात बायकांना मोजून सहा नावं होती. त्यातलं एक निघणारच. तरी फादरना या वेळी खोकला आला नाही, सरळ हसू आलं. ते त्यांनी रुमालात दाबलं.

पेरीनाबाई उठल्या. बुटांच्या नाड्या सुटल्या नव्हत्या, तरी वाकून बांधत बसल्या. साठ वर्षं त्या यादीत मारा आधी येत होती आणि यूरे नंतर. बाकी प्रत्येक जोडीत पुरुष आधी. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सासूने शिकवलं तसं म्हटलं होतं. घर माराचं होतं म्हणून मारा आधी. एवढं साधं होतं ते.

"आई," श्तेफ म्हणाला, "मी हे वाचणार नाही. वहीला वाळवी लागलीय म्हणून सांगतो. कपतान राहू दे कपतान."

"मग क्रूस चौकापलीकडे जाईल."

"जाऊ दे. तुमची मान तर खाली जाणार नाही."

पेरीनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, जणू तो नुकताच होडीतून उतरला होता. मग त्या घरी गेल्या. शनिवारी दिवसभर त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. दिन्काने हाक मारली तर आतून आवाज आला, "शिवतेय. मरत नाहीये."

रविवारी चर्चच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी काळा क्रूस टेकून ठेवला होता. विस्को पांढरा अंगरखा घालूनच आला होता, बूट काढून, पायाची बोटं चोळत. लुत्से पहिल्या बाकावर चष्मा लावून बसली होती. पेरीनाबाई समोरच्या बाकावर बसल्या, मांडीवर झाकलेली टोपली.

निक्षाकाकांनी खूण केली. श्तेफने वही उघडली. त्याचे कान आधीपासूनच लाल होते.

"घर नंबर अकरा. मारा, वय सत्तावीस. तिचा नवरा यूरे, ज्याला कपतान म्हणतात..." इथे त्याने एक उडी मारली. "या घराचा क्रूस..."

"थांबा, थांबा!" लुत्से उठली. "मधलं काय गाळलंत? मी इथूनही बघतेय, बोट तीन ओळी खाली गेलं. कुठला होता हा कपतान? जहाज कुठाय?"

  फादरना खोकला सुरू झाला.

पेरीनाबाई उठल्या. वहीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"पलीकडच्या डोंगरातला होता," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "चुना भाजायचा. जहाज नव्हतं, होडीत पाय ठेवायची हिंमत नव्हती, म्हणून तुमच्या खापरपणजांनी त्याला कपतान केलं. तुम्हाला सुकडे केलं, तसंच. आला तो बायकोच्या घरी. आडनाव घेतलं ते बायकोचं. आणि सासू त्याच्याशी तीन वर्षं बोलली नाही, तिला ईस्टरचा प्रसाद मिळाला नाही, तरी बोलली नाही. पेरीना तिचं नाव. वहीत आहे. चष्मा आणलाय ना, ये आणि बघ."

आधी कुणीतरी मागून फिसकन हसलं. मग सगळं अंगण हसलं, निक्षाकाकासुद्धा, ज्यांना हसताना गावाने शेवटचं पाहिलं त्याला फार वर्षं झाली होती. पेरीनाबाई हसणं संपायची वाट बघत ताठ उभ्या राहिल्या.

"आणि क्रूस?" निक्षाकाकांनी डोळे पुसत विचारलं. "तो कोण वाहायचा?"

"वाचा, जावईबापू. आता न गाळता."

"'या घराचा क्रूस माराचा बाप वाहत असे,'" श्तेफने वाचलं. "'तो वारल्यापासून जावई वाहतो.'"

निक्षाकाकांनी मंडळाच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. वहीत असेल ते मानायचं ठरलंच होतं.

"असेल जावयाला मान," लुत्से चिकाटीने म्हणाली, "पण फ्रानेचा अंगरखा याला होणार कसा? पायात अडकून पडेल. धक्क्यावर क्रूस पाण्यात जाईल!"

पेरीनाबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं. आत पांढरा अंगरखा घडी करून ठेवला होता. खालून चांगली वीतभर आत दुमडलेला, बारीक, एकसारख्या टाक्यांनी शिवलेला. बाह्याही आखूड केल्या होत्या. दिन्काने तो बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

श्तेफ अंगरख्याकडे बघत राहिला. मग सासूकडे. काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने वाकून बूट काढायला सुरुवात केली, आणि घाईत एका नाडीची गाठ मारून बसला. विस्को, ज्याने अजून अंगरखा उतरवला नव्हता, गुडघ्यावर बसून त्याची गाठ सोडवायला लागला.

अंगरखा बरोबर बसला. पेरीनाबाईंनी खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली, कॉलर नीट केली, आणि गावासमोर, लुत्सेसमोर, फादरसमोर, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या,

"उचल आता. पाठ ताठ ठेव. कपतानांच्या घरचा आहेस तू. धक्क्यावर पोचलास की क्रूसाकडे बघ, पाण्याकडे बघू नकोस. आणि परत आलास की ते हौदाचं झाकण बसव!"